गेम अडखळतो तेव्हा : संगणकाचा प्रोसेसर का दमतो आणि दोष कसा शोधावा



दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात आमच्या कार्यालयात एक पालक आले. हातात उसाच्या बिलाची पावती होती. म्हणाले, "सर, पोरगं नवा प्रोसेसर पायजे म्हणून बसलंय. दुकानदार म्हणतोय, प्रोसेसर बदलला तर मदरबोर्डही बदलावा लागतो, रॅमही बदलावी लागते. ऊसबिल आलंय खरं, पण लेकीच्या कॉलेजची फी भरायची हाय. काय करू?" मागे त्यांचा नववीतील मुलगा मान खाली घालून उभा होता.

खरे सांगायचे तर आम्ही पहिल्यांदा मुलालाच रागावलो. "गेम बंद कर, सगळे बरोबर होईल," असे आम्ही म्हणालो. मुलगा हळूच म्हणाला, "सर, गेम बंद असतानाबी पंखा ओरडतोय." या एका वाक्याने आम्हाला गप्प केले. गेम बंद असताना संगणक दमत असेल तर दोष गेमचा कसा? नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण आपल्या मराठीत आहे, आणि आमचे पदवीचे शिक्षण ज्या हिंदीतून झाले तिच्यातही आहे. कारण न शोधताच अंगणाला बोल लावण्याचे काम त्या दिवशी आम्हीच केले होते.

मग आमच्या शाळेतील संगणक शिक्षकांना सोबत घेऊन आम्ही त्या संगणकाची तपासणी केली. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. त्या तपासणीत जे शिकायला मिळाले ते या पाठात क्रमाने देत आहोत. ज्यांच्या घरी गेमचा संगणक नाही त्यांनीही वाचावे, कारण हीच पद्धत घरच्या, दुकानाच्या आणि सोसायटीच्या संगणकालाही लागू पडते.

१. प्रोसेसर म्हणजे काय आणि 'शंभर टक्के' म्हणजे काय?

आपल्या भागातील गुऱ्हाळ सर्वांनी पाहिले आहे. कोणी मोळ्या ओढतो, कोणी घाण्यात ऊस घालतो, कोणी चुलवाणात चिपाड टाकतो आणि काहिलीपाशी गुळव्या उभा असतो. आजच्या प्रोसेसरमध्येही असे अनेक 'गडी' असतात. त्यांना कोअर म्हणतात. चार कोअरचा प्रोसेसर म्हणजे एकाच वेळी चार कामे करू शकणारे चार गडी.

काम वाटून घेण्याची ही कल्पना आपल्याकडेही मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तिने 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. एकाच प्रचंड ताकदीच्या प्रोसेसरच्या मागे न लागता अनेक लहान प्रोसेसर जोडून त्यांच्यात काम वाटून देणे हेच त्याचे तत्त्व होते. आज तेच तत्त्व आपल्या टेबलावरील संगणकात आणि खिशातील मोबाईलमध्येही आहे.

परंतु प्रत्येक काम वाटता येत नाही. गुऱ्हाळात दहा गडी असले तरी गूळ कधी उतरवायचा हे गुळव्याच ठरवतो. गेममध्येही एक मुख्य काम असे असते की ते बहुतेक एकाच कोअरवर चालते. म्हणून चार कोअरच्या संगणकात एक कोअर पूर्ण दमलेला आणि बाकीचे तीन रिकामे असले तर संगणक फक्त २५ टक्के वापर दाखवतो. मुले म्हणतात, "सर, पंचवीसच टक्के आहे, तरी गेम अडकतोय." कारण इथे आहे. एकूण आकडा चारही गड्यांची सरासरी असतो, आणि सरासरीत दमलेला गुळव्या दिसत नाही.

दुसरी गोष्ट. गेम चालू असताना प्रोसेसरचा वापर ७० ते ९० टक्के होणे हा आजार नाही. संगणक त्यासाठीच घेतलेला असतो. काहीही चालू नसताना वापर ६० टक्के दिसत असेल, किंवा १०० टक्क्यांना टेकून गेम थांबत थांबत चालत असेल, तर मात्र तपासणी करावी.

२. 'अडकणे' तीन प्रकारचे असते

डॉक्टर आधी विचारतात, "दुखते कुठे?" तसेच इथेही आहे. मुले सर्वच त्रासाला 'लॅग' म्हणतात. प्रत्यक्षात तीन वेगळे त्रास आहेत आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

(अ) नेटची ढिलाई : चित्र सुरळीत हलते, पण आपण गोळी झाडली की ती उशिरा लागते, किंवा समोरचा खेळाडू एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारल्यासारखा दिसतो. हा प्रोसेसरचा दोष नव्हे. आपला संदेश गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास लागणारा वेळ, म्हणजे पिंग, वाढलेला असतो. प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. संकेश्वरहून सिंगापूर सरळ रेषेत साडेतीन हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. म्हणजे जाऊन येण्यास किमान ३५ मिलीसेकंद लागणारच, आणि प्रत्यक्षात तार वळणे घेत जात असल्याने त्याहून जास्त लागतात. मुंबईचा सर्व्हर निवडता येत असेल तर तोच निवडावा. वाय-फायऐवजी तार जोडून पाहावी. प्रोसेसर बदलून पिंग कमी होत नाही.

(आ) मधूनच झटका : गेम एरवी ठीक चालतो, पण नव्या भागात शिरताच अर्धा सेकंद थांबतो. इथे बहुधा रॅम अपुरी पडते किंवा जुनी फिरती हार्ड डिस्क मंद असते. रॅम भरली की संगणक उरलेला माल डिस्कवर ठेवतो. घरातील फडताळ भरल्यावर दर वेळी माळ्यावर चढून डबा काढावा लागावा, तसा हा प्रकार आहे.

(इ) सततचा जडपणा : चित्रच तुटक दिसते. दर सेकंदाला ६० चित्रे दाखवायची असतील तर प्रत्येक चित्राला १००० भागिले ६०, म्हणजे सुमारे १६.७ मिलीसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात प्रोसेसरने कोण कुठे आहे, कोण कुठे धावतो, कोण पडला हे ठरवायचे आणि ग्राफिक्स कार्डाने ते चित्र रंगवायचे. दोघांपैकी एकालाही उशीर झाला की चित्रे कमी होतात.

त्या मुलाच्या संगणकावर पिंग चांगला होता. डिस्कही नवीन एस.एस.डी. होती. त्रास तिसऱ्या प्रकारचा होता.

३. टास्क मॅनेजर वाचावा कसा?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडतो. 'प्रोसेसेस' या पानावर सी.पी.यू. या शीर्षकावर क्लिक केले की सर्वांत जास्त वापर करणारे काम वर येते. 'परफॉर्मन्स' या पानावर प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड यांचे आलेख असतात. प्रोसेसरच्या आलेखावर माऊसचे उजवे बटण दाबून प्रत्येक कोअरचा वेगळा आलेख पाहता येतो. दमलेला 'गुळव्या' तिथे सापडतो.

इथे एक गमतीची चूक पुष्कळ जण करतात. 'डिटेल्स' या पानावर 'सिस्टीम आयडल प्रोसेस' असे एक नाव असते आणि त्याच्यापुढे ९० किंवा ९५ असा आकडा दिसतो. मुले घाबरून तेच बंद करायला जातात. आयडल म्हणजे रिकामे. प्रोसेसर ९५ टक्के रिकामा बसला आहे असे ते सांगते. ही चांगली बातमी आहे.

गेम चालू ठेवून दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत :

• ग्राफिक्स कार्ड ९५ टक्क्यांच्या वर आणि प्रोसेसर मध्यम : ग्राफिक्स कार्ड पूर्ण काम करत आहे. चित्राचे रिझोल्यूशन आणि सावल्यांची प्रत कमी करावी.

• प्रोसेसर, किंवा त्याचा एखादा कोअर, पूर्ण भरलेला आणि ग्राफिक्स कार्ड ४०-५० टक्क्यांवर : इथे रिझोल्यूशन कमी करून फारसा उपयोग होत नाही. दूरवरचे दृश्य, गर्दीतील माणसे व वाहने यांची संख्या कमी करावी. चित्रांची संख्या सेकंदाला ६० वर बांधून टाकावी. प्रोसेसरला श्वास घ्यायला जागा मिळते.

• दोन्ही आकडे कमी आणि तरी गेम जड : उष्णता, वीजबचतीची सेटिंग किंवा रॅम याकडे वळावे.

४. क्रमाने तपासायच्या गोष्टी

नियम एकच. एका वेळी एकच बदल करावा, गेम दहा मिनिटे चालवावा, आकडा वहीत लिहावा, मगच पुढे जावे. एकदम पाच गोष्टी बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. विज्ञानाच्या प्रयोगवहीत आपण हेच करतो.

पहिली : मागे चालणारी कामे. ब्राउझरमध्ये उघडी राहिलेली वीस पाने, स्क्रीन रेकॉर्ड करणारे सॉफ्टवेअर, संगणक सुरू होताच आपोआप चालू होणारे प्रोग्राम ही सर्व प्रोसेसर खातात. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' पानावरून नको ते बंद करता येतात. विंडोज अपडेट आणि अँटिव्हायरसची तपासणीही काही वेळ प्रोसेसर घेते. ती बंद करू नये, पूर्ण होऊ द्यावी. रात्री जेवणाच्या वेळी संगणक चालू ठेवला की ती आपोआप उरकते.

दुसरी : वीजबचतीची सेटिंग. लॅपटॉप चार्जर न लावता चालवला किंवा 'पॉवर सेव्हर' निवडलेले असले तर प्रोसेसर मुद्दाम हळू चालतो. गेमच्या वेळी चार्जर लावावा.

तिसरी : धूळ आणि उष्णता. प्रोसेसर फार तापला की स्वतःला जळण्यापासून वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. अनेक प्रोसेसरमध्ये ही मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. आपल्याकडे महामार्गाची धूळ, गाळपाच्या हंगामातील काजळी आणि घरोघरी मिरची कांडण्याच्या दिवसांतील भुकटी हे सर्व पंख्याच्या पात्यांत जाऊन बसते. साफ करताना संगणक बंद करून वायर भिंतीतून काढावी. लोखंडी पेटीला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी. मऊ ब्रशने किंवा हवेच्या झोताने धूळ काढावी. पंख्यावर हवा मारताना पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते वेडेवाकडे फिरून बिघडते. ओला फडका चालत नाही. प्रोसेसर आणि त्याच्या थंड करणाऱ्या धातूमध्ये एक लेप असतो, त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. काही वर्षांनी तो वाळतो. तो बदलणे माहीतगार माणसाकडून करून घ्यावे. संगणक कपाटाच्या बंद खणात किंवा देवघराच्या खाली उदबत्तीच्या धुरात ठेवू नये.

चौथी : रॅम. गेमच्या वेळी रॅम ९० टक्क्यांच्या वर जात असेल तर वाढवावी. एका पट्टीऐवजी सारख्याच दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्या तर प्रोसेसरला माल दोन वाटांनी मिळतो. जुन्या संगणकात नव्या प्रोसेसरपेक्षा रॅमच्या एका पट्टीने पुष्कळदा जास्त फरक पडतो, आणि खर्चही कमी येतो.

पाचवी : ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर. ते कार्ड बनवणाऱ्या कंपनीकडूनच घ्यावेत. 'तुमचा ड्रायव्हर जुना झाला आहे' अशा उड्या मारत येणाऱ्या जाहिरातीतून कधीही घेऊ नयेत.

त्या मुलाच्या संगणकातील धूळ काढली तेव्हा ओंजळभर निघाली. थर्मल पेस्ट वाळून खडू झाली होती. दोन्ही केल्यावर गेम थोडा सुधारला. पण पंख्याचा आवाज गेला नाही.

५. लपलेला भाडेकरू

दुसऱ्या संध्याकाळी आमच्या संगणक शिक्षकांच्या एक गोष्ट लक्षात आली. संगणकावर काहीही चालू नसताना पंखा जोरात फिरे. टास्क मॅनेजर उघडला की दहा-बारा सेकंदांत पंखा शांत होई आणि प्रोसेसर ६-७ टक्क्यांवर दिसे. टास्क मॅनेजर बंद केला की थोड्या वेळाने पंखा पुन्हा सुरू. मुलगा म्हणाला, "हेच की सर! बघायला गेलं की बरा असतोय. म्हणून अण्णांना वाटतंय मी खोटं बोलतोय."

तापमान दाखवणारे छोटे सॉफ्टवेअर लावून आम्ही तोच प्रयोग पुन्हा केला. टास्क मॅनेजर बंद असताना ८४ अंश, उघडताच काही वेळात ५२ अंश. म्हणजे संगणकात असे काहीतरी होते की जे आपल्याला कोणी पाहते आहे हे ओळखून लपत होते. मास्तर वर्गात आले की पुस्तकात डोके घालणाऱ्या मुलासारखे.

हा प्रकार नवा नाही. याला चोरून केलेले क्रिप्टो मायनिंग म्हणतात. मोनेरो नावाचे एक आभासी चलन आहे. त्याचे गणित २०१९ च्या नोव्हेंबरपासून अशा पद्धतीचे केले आहे की ते साध्या प्रोसेसरवर चांगले चालते. ते गणित सोडवणाऱ्याला मोबदला मिळतो. मग काही लबाड लोक दुसऱ्यांच्या संगणकात गुपचूप प्रोग्राम घालतात. आपले गुऱ्हाळ, आपले चिपाड, आपले गडी, आणि रात्रभर गूळ निघतो दुसऱ्याच्या नावाने.

जून २०२१ मध्ये अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीने 'क्रॅकोनॉश' नावाच्या अशाच एका प्रोग्रामची माहिती प्रसिद्ध केली. तो 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५', 'फार क्राय ५' यांसारख्या लोकप्रिय गेमच्या फुकट वाटल्या जाणाऱ्या चोरीच्या प्रतींत लपवलेला होता. २०१८ पासून त्याने जगभरातील २ लाख २२ हजारांहून अधिक संगणकांत शिरकाव केला होता आणि २० लाख डॉलरहून अधिक किमतीचे मोनेरो कमावले होते. सर्वाधिक संगणक सापडलेल्या देशांत भारताचेही नाव होते. हा प्रोग्राम आधी अँटिव्हायरस आणि विंडोज अपडेट बंद पाडत असे, मग निवांत कामाला लागत असे. ज्या कंपन्यांचे गेम होते त्यांचा यात काही दोष नव्हता. विष चोरीच्या प्रतीत कालवलेले होते.

आम्ही मुलाला विचारले, "बाळा, गेम कुठून घेतलास?" त्याने खरे सांगितले. एका मित्राने पेनड्राईव्हवर दिला होता. सोबतच्या सूचनेत लिहिले होते की बसवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर गेम चालणार नाही. त्याने बंद केला. घरात कोणी शिरण्यापूर्वी कुत्र्याला बांधून ठेवा असे सांगावे आणि आपण बांधावे, तसे झाले.

६. मग काय केले?

क्रम लक्षात ठेवावा, कारण इथे घाई नुकसान करते.

(१) प्रथम संगणकाची नेटची तार काढली आणि वाय-फाय बंद केले.

(२) विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन पाहिले. संरक्षण बंद होते आणि 'एक्सक्लूजन्स' या यादीत, म्हणजे ज्यांना तपासू नये अशांच्या यादीत, तो गेमचा फोल्डर होता. यादी रिकामी करून संरक्षण चालू केले. मग 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' केला. यात विंडोज पूर्ण सुरू होण्यापूर्वीच तपासणी होते, त्यामुळे लपणाऱ्याला लपायला वेळ मिळत नाही. साधारण पंधरा मिनिटे लागतात. तीन फाइली सापडल्या.

(३) या टप्प्यावर मुलाच्या वडिलांनी एक गोष्ट सांगितली आणि आमच्या पोटात गोळा आला. ते याच संगणकावर बँकेचे खाते पाहत आणि पासवर्ड ब्राउझरमध्येच साठवलेला होता. उसाचे बिल त्याच खात्यात जमा झाले होते. मायनिंग करणारा प्रोग्राम दरवेळी पासवर्ड चोरतोच असे नाही, पण ज्या दारातून एक चोर आला त्यातून दुसराही येऊ शकतो. म्हणून बँकेचा, ई-मेलचा आणि इतर सर्व पासवर्ड मोबाईलवरून, म्हणजे दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून, त्याच संध्याकाळी बदलले. खात्यातील नोंदी तपासल्या. सुदैवाने पैसे जागेवर होते. गेले असते तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा असतो. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. हा क्रमांक प्रत्येक पालकाने मोबाईलमध्ये नोंदवून ठेवावा.

(४) एकदा असा शिरकाव झाला की नुसत्या फाइली पुसून पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. म्हणून फोटो व अभ्यासाची कागदपत्रे वेगळी काढून डिस्क पूर्ण पुसली आणि विंडोज नव्याने बसवले. गेम परत घेतला नाही. वर्षभर खेळून मिळवलेले मुलाचे सर्व टप्पे गेले. त्याचे डोळे भरून आले होते, हे नमूद केले पाहिजे. आम्ही 'त्यात काय एवढे' असे म्हणालो नाही. मुलाची मेहनत ती मेहनतच.

आता तो संगणक कसा चालतो? जुनाच प्रोसेसर आहे. काही चालू नसताना वापर २-३ टक्के असतो. पंखा ऐकू येत नाही. रीतसर मोफत मिळणारा एक गेम सेकंदाला ६० चित्रांनी चालतो. खर्च थर्मल पेस्टचा तेवढा झाला. ऊसबिलातून ताईची फी भरली गेली.

७. पालकांसाठी थोडेसे

मुलगा म्हणतो 'संगणक बिघडला' आणि आपण म्हणतो 'तुझा गेम बिघडलाय'. दोघेही अर्धेच बरोबर असू शकतात. मूल खरे सांगत असताना आपण ऐकले नाही तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही. त्या मुलाने पेनड्राईव्हची गोष्ट चार महिने लपवली, कारण मार पडेल ही भीती होती. त्या चार महिन्यांत परका माणूस घरात वीज जाळत होता. समजा त्यामुळे ६० वॅट जादा लागले आणि संगणक रोज दहा तास चालू राहिला, तर महिन्याला १८ युनिट होतात. गृहज्योती योजनेत आपल्या घराला ठरवून दिलेल्या युनिटांपेक्षा वापर वाढला की त्याचे पैसे भरावेच लागतात. वीजबिल विनाकारण वाढले तर संगणकाकडेही एकदा पाहावे.

वेळेचे बंधन जरूर घालावे. एस.एस.एल.सी.च्या वर्षात तर घालावेच. पण ज्या मुलाने स्वतःच्या संगणकाचा दोष आकडे लिहून शोधला त्याने विज्ञानाचा एक चांगला धडा पूर्ण केला आहे, हेही ओळखावे. बँकेचे काम आणि मुलांचा गेम यांसाठी विंडोजमध्ये दोन वेगळी खाती करावीत, आणि मुलाच्या खात्याला नवे सॉफ्टवेअर बसवण्याचा अधिकार देऊ नये. सायबर स्वच्छता केंद्र या २०१७ साली सुरू झालेल्या सरकारी उपक्रमातून संगणक साफ करण्याची साधने मोफत मिळतात.

८. विश्वस्त मंडळींना एक विनंती

तिसऱ्या संध्याकाळी काम संपवताना आम्ही त्या मुलाला चोरीच्या सॉफ्टवेअरबद्दल चार शब्द सुनावत होतो. त्याने सर्व ऐकून घेतले आणि शेवटी विचारले, "सर, आपल्या ऑफिसच्या मशीनवरचं टायपिंगचं सॉफ्टवेअर पैसे देऊन घेतलंय का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. ते सॉफ्टवेअर वर्षांपूर्वी कोणीतरी सीडीवरून बसवून दिले होते आणि आम्ही कधी विचारले नव्हते. ज्या संगणकावर सर्व मुलांचे गुण, पत्ते आणि पालकांचे फोन क्रमांक आहेत, त्यावरच ही स्थिती होती. दुसऱ्या दिवशी आम्ही ते काढून टाकले. आता कार्यालयात युनिकोड मराठी आणि लिबर ऑफिस हे मोफत व खुले सॉफ्टवेअर वापरतो. पहिले पंधरा दिवस बोटे चुकली, आता सवय झाली आहे. या अंकाचा हा मजकूरही त्यावरच टाइप केला आहे.

संगणक कक्षातील जुन्या यंत्रांचा प्रश्न मात्र उरतो. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि आमच्या बऱ्याच यंत्रांवर विंडोज ११ बसत नाही. ती भंगारात घालण्याची गरज नाही. केरळातील सरकारी शाळा अनेक वर्षे लिनक्सवर चालतात. सी-डॅकने २००७ मध्ये प्रथम आणलेली 'बॉस' ही लिनक्स प्रणाली भारतीय भाषांसाठीच बनवलेली आहे, त्यामुळे आपल्या मुलांना लागणाऱ्या मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत काम करता येते. विश्वस्त मंडळाने येत्या बैठकीत पुढील तीन बाबींचा विचार करावा, ही नम्र विनंती : कक्षातील यंत्रांवर रीतसर किंवा खुले सॉफ्टवेअरच ठेवण्याचा ठराव, वर्षातून दोनदा साफसफाई, आणि पाच जुन्या यंत्रांसाठी रॅमची एकेक पट्टी.

साफसफाईच्या पहिल्या दिवशी ब्रश कोणाच्या हाती द्यायचा ते आम्ही ठरवले आहे. तो नववीतील विद्यार्थी आपण होऊन तयार झाला आहे, आणि सोबत पेनड्राईव्ह देणाऱ्या आपल्या मित्रालाही घेऊन येणार आहे. त्या मित्राचा संगणकही तपासायचा आहे.

स्वाध्याय

१. एका गेममध्ये सेकंदाला १४४ चित्रे दाखवायची आहेत. प्रत्येक चित्राला किती मिलीसेकंद मिळतील?

२. आठ कोअरच्या प्रोसेसरमध्ये फक्त एक कोअर पूर्ण भरलेला आहे आणि बाकीचे रिकामे आहेत. एकूण वापर किती टक्के दिसेल? तेवढ्यावरून 'प्रोसेसरवर ताण नाही' असे म्हणता येईल का? कारण लिहा.

३. प्रोसेसर ९९ टक्के आणि ग्राफिक्स कार्ड ४५ टक्के असताना रिझोल्यूशन कमी केले, पण गेम सुधारला नाही. का? दुसरे कोणते दोन बदल करून पाहाल?

४. ४५ वॅट जादा वीज रोज आठ तास याप्रमाणे ३० दिवसांत किती युनिट होईल? (१ युनिट = १००० वॅट एक तास.)

५. घरातील किंवा शेजारच्या संगणकावर काहीही चालू नसताना प्रोसेसरचा वापर दर पाच मिनिटांनी एकदा, असा अर्धा तास वहीत नोंदवा. टास्क मॅनेजर बंद असताना आणि उघडा असताना पंख्याच्या आवाजात फरक पडतो का, तेही लिहा. पालकांची सही घेऊन वही पुढील सोमवारी संगणक शिक्षकांना दाखवा.

उत्तरे : (१) सुमारे ६.९ मिलीसेकंद. (२) १२.५ टक्के. (४) १०.८ युनिट. तिसऱ्या आणि दुसऱ्या प्रश्नातील कारणे वर्गात चर्चेला घेऊ.

आपले,
मुख्याध्यापक